एचपीसी क्लस्टरचे नोड उभे करायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आजूबाजूची महाविद्यालये, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांचे डिझाइन विभाग आणि वागळे इस्टेटमधल्या छोट्या कंपन्या यांच्यासाठी मी लहान-मध्यम एचपीसी क्लस्टर, म्हणजे जड गणितांसाठी एकत्र जोडलेले संगणक, उभारून देतो. त्यातला प्रत्येक संगणक म्हणजे नोड. प्रश्न दोन मोसमांत येतात. मार्चमध्ये, कारण उरलेला निधी ३१ तारखेच्या आत संपवायचा असतो. आणि जून-जुलैमध्ये, कारण पाऊस सुरू झाला की लाइट जाते आणि सकाळी अर्धे नोड उठत नाहीत. तेच ते पुन्हा लिहून कंटाळलो, म्हणून हे पान. सहापासून साधारण शंभर नोडपर्यंतचे क्लस्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

१. आमच्याकडे स्लर्म आहे. मग क्लस्टर मॅनेजर वेगळा कशाला हवा?

स्लर्म हा वापरकर्त्यांची कामे नोडना वाटणारा प्रोग्रॅम. नोडवर ऑपरेटिंग सिस्टिम आहे, नेटवर्क लागले आहे, वापरकर्ते सगळीकडे सारखे आहेत, हे सगळे तो गृहीत धरतो. मंगल कार्यालयात पंगत वाढणारा वेगळा आणि त्याआधी हॉल झाडून पाट-टेबले मांडणारा वेगळा. क्लस्टर मॅनेजर किंवा प्रोव्हिजनिंगचे सॉफ्टवेअर म्हणजे हा दुसरा माणूस. रिकाम्या यंत्राला नाव, आयपी, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि फाइलसिस्टिम देऊन ते स्लर्मच्या दारात आणून उभे करायचे, एवढे त्याचे काम. काही पॅकेजांत दोन्ही एकत्र मिळतात, त्यामुळे गोंधळ होतो. पण निवडताना दोन्हींचा विचार वेगवेगळाच करा.

२. आमचे फक्त सहा नोड आहेत. पेन ड्राइव्हने एकेक इन्स्टॉल केले तर चालणार नाही का?

चालते. चार नोडपर्यंत मीच सांगतो की किकस्टार्ट, म्हणजे इन्स्टॉलरची उत्तरे आधीच भरलेली फाइल, लिहा (उबंटू असेल तर ऑटोइन्स्टॉल), वर सगळ्या नोडवर सारखी सेटिंग करणारे ॲन्सिबल लावा आणि झोपा.

त्रास पहिल्या दिवशी होत नाही. सहा महिन्यांनी पीएचडीच्या एका मुलाला एक लायब्ररी हवी असते, ती घाईत फक्त नोड ३ वर पडते. वर्षभराने कुणीतरी नोड ५ वर कर्नल अपडेट करतो. मग चार नोडवर पसरलेले एमपीआयचे (नोडनी एकमेकांशी बोलत करायचे) काम कधी चालते, कधी पडते, आणि ते कुठल्या चौघांच्या वाट्याला आले यावर अवलंबून असते हे कळायला आठवडा जातो. पडले तर नशीब समजा. न पडता वेगळे उत्तर दिले तर तो शोधनिबंधच अडचणीत येतो.

नोड आठच्या वर गेले की प्रोव्हिजनिंगचे सॉफ्टवेअर घ्याच. आणि क्लस्टर सांभाळणे हे कुणाच्याच नेमून दिलेल्या कामात बसत नसेल, तर सहा नोडसाठीही घ्या.

३. स्वतःचा क्लस्टर घ्यावाच लागेल का?

दरवेळी नाही. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहीम २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली आणि सी-डॅक व बंगळुरूची आयआयएस्सी ती राबवतात. पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे. परम रुद्रची तीन यंत्रे २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाली, त्यातले एक पुण्यातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी. वर्षातून दोन-तीनदाच मोठी गणिते लावणाऱ्या विभागाने आधी अशा यंत्रावर वेळ मिळतो का ते पाहावे. तिथे प्रोव्हिजनिंग तुमची डोकेदुखी नसते. रोज चालणारी कामे, बाहेर नेता न येणारा डेटा किंवा विद्यार्थ्यांना क्लस्टर उघडून दाखवायचा असेल, तर मात्र स्वतःचा घ्या.

४. बटण दाबल्यापासून नोड तयार होईपर्यंत नक्की काय घडते?

नोडचे नेटवर्क कार्ड डीएचसीपीने (आयपी मागायची पद्धत) ओरडते, 'मी कोण?' हेड नोड, म्हणजे बाकीच्यांना सांभाळणारा मुख्य संगणक, त्याचा मॅक पत्ता (कार्डचा ओळख क्रमांक) यादीत शोधतो, आयपी देतो आणि बूटची फाइल कुठे आहे ते सांगतो. ती फाइल टीएफटीपीने येते. टीएफटीपी जुना आणि धिमा आहे: एक तुकडा पाठवायचा, पोच आल्यावर पुढचा, आणि तुकडा मुळात ५१२ बाइटचा. म्हणून त्याने फक्त आयपीएक्सई किंवा ग्रब असा छोटा बूटलोडर आणायचा आणि कर्नल, इमेज (नोडच्या ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत) वगैरे जड सामान एचटीटीपीने ओढायचे. पुढे एकतर इमेज रॅममध्ये उलगडते किंवा इन्स्टॉलर सुरू होऊन डिस्कवर लिहितो. शेवटी नोडची खास माहिती, म्हणजे होस्टनेम, चाव्या, माउंट, चढते.

ही साखळी कागदावर लिहून रॅकच्या दारावर चिकटवा. बिघाडाच्या वेळी 'नोड येत नाही' एवढेच न सांगता कुठल्या कडीवर अडला ते सांगितले, की अर्धे काम झालेले असते.

५. डिस्कलेस ठेवावा की डिस्कवर इन्स्टॉल करावा?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. माझे उत्तर बहुतेक वेळा डिस्कलेस, म्हणजे दरवेळी बूट होताना इमेज रॅममध्ये.

कारण वेगाचे नाही. डिस्कलेस नोडवर कुणी काही बदलले तरी रीबूटनंतर ते उरत नाही. वरच्या नोड ३ ची गोष्ट तिथे घडूच शकत नाही, कारण नोडला कालचे काही आठवत नाही. सुरुवातीला लोक चिडतात, 'मी काल टाकलेले पॅकेज गेले कुठे?' पण त्यातूनच सवय लागते की बदल इमेजमध्ये करायचा, नोडवर नाही. दोन वर्षांनी तुमचा प्रणालीप्रमुख दुसरीकडे गेला, तरी नवा माणूस इमेज उघडून सगळे वाचू शकतो.

डिस्कवर कधी? हेड नोड आणि स्टोरेज सर्व्हर नेहमी डिस्कवरच. ते दुसऱ्या कुणावर अवलंबून नकोत. रॅम मुळातच कमी असलेली जुनी यंत्रे. आणि ज्या महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना स्थानिक डिस्कवर काहीतरी खूण ठेवतो, असे नोड.

मधला रस्ताही आहे. ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये आणि नोडमधली एसएसडी फक्त स्क्रॅचसाठी. गणिती रसायनशास्त्राची कामे करणाऱ्यांना मी हेच सुचवतो, त्यांच्या तात्पुरत्या फाइल नेटवर्कवर गेल्या की सगळ्यांचीच गती बसते.

६. पण इमेज रॅम खाणार ना?

खाणार. नीट छाटलेली, संगणनापुरती इमेज उलगडल्यावर २ ते ३ जीबी होते. नोडमध्ये २५६ जीबी असेल तर हा साधारण एक टक्का. इमेज १० जीबी झाली, तर त्यात ग्राफिकल डेस्कटॉप शिरला आहे किंवा कुणीतरी कंपायलर, मॅटलॅब आणि सगळी ॲप्लिकेशन आतच कोंबली आहेत. ॲप्लिकेशन सामायिक एनएफएसवर (सगळ्या नोडना दिसणारे नेटवर्कवरचे फोल्डर) ठेवा आणि मॉड्यूलने, म्हणजे लागेल ते ॲप्लिकेशन निवडून देणाऱ्या आज्ञेने, उचला.

७. बाजारात पर्याय कोणते आणि तुम्ही कोणता घ्याल?

वेअरवुल्फ. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत २००१ च्या सुमारास ग्रेग कर्ट्झर यांनी सुरू केला. पुढे रॉकी लिनक्स काढणारेही तेच. चौथी आवृत्ती गो भाषेत नव्याने लिहिली आहे. नोडची इमेज म्हणजे साधा कंटेनर (सॉफ्टवेअर आणि त्याच्या फाइलींचा एक गठ्ठा): डॉकरफाइल लिहायची, बांधायची, आयात करायची. नोडनिहाय फरक ओव्हरले नावाच्या साच्यांत. मला भावते ते हे की इमेज कशी बनली हे एका मजकुराच्या फाइलमध्ये असते आणि ती गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणारे साधन) ठेवता येते. डिस्कवर इन्स्टॉल करणे हा त्याचा मूळ पिंड नव्हे. नवा क्लस्टर, एकच व्यवस्थापक, रॉकी किंवा अल्मा लिनक्स असेल तर मी हाच घेतो.

एक्सकॅट. आयबीएमचा, १९९९ पासूनचा, पर्लमध्ये. डिस्कवर, डिस्कलेस, दोन्हींच्या मधले, सगळे येते आणि हजारो नोड सांभाळलेले आहेत. पण शिकायला जड, आणि त्याच्या भवितव्याचा प्रश्न आहे (प्रश्न ९).

कॉन्फ्लुएंट. लेनोवोचा, पायथॉनमध्ये, मुक्त स्रोत. एक्सकॅटमधून आलेल्यांना ओळखीचा वाटतो. कन्सोल आणि बीएमसी (यंत्र दुरून चालू-बंद करू देणारी मदरबोर्डवरची चिप) हाताळण्यात चांगला. लेनोवोची यंत्रे असतील तर आधी हाच बघा.

ओपनएचपीसी. हा प्रोव्हिजनर नव्हे, आणि इथेच बरेच जण फसतात. लिनक्स फाउंडेशनखाली २०१५ मध्ये सुरू झालेला पॅकेजांचा संच आणि त्याबरोबर ओळीने लिहिलेल्या कृती. वेअरवुल्फ, एक्सकॅट किंवा कॉन्फ्लुएंट यांपैकी एक निवडून वर स्लर्म, एमपीआय, लायब्ररी बसवायच्या. पहिल्यांदाच करणाऱ्याने त्याची कृतीपुस्तिका अक्षरशः ओळीने करावी. अनारशासारखे आहे, पहिल्या खेपेला स्वतःची अक्कल लावू नये.

बेस कमांड मॅनेजर. पूर्वीचा ब्राइट क्लस्टर मॅनेजर. जानेवारी २०२२ मध्ये एनव्हिडियाने ब्राइट कंपनी विकत घेतली आणि पुढे नाव बदलले. सगळे एकाच पडद्यावर: प्रोव्हिजनिंग, देखरेख, जीपीयूची तब्येत, स्लर्म. इमेज आरसिंक या फाइल जुळवणाऱ्या साधनाने नोडच्या डिस्कवर जुळवली जाते. परवाना लागतो. जीपीयू भरपूर आणि माणसे कमी, तिथे शोभतो.

एचपीई परफॉर्मन्स क्लस्टर मॅनेजर. एचपीईचेच रॅक घेतले असतील तर बोलणी करताना येईलच. एरवी मुद्दाम शोधत जाऊ नका.

फोरमन, कॉब्लर, कॅनॉनिकलचा मास. चांगली साधने, पण डेटा सेंटरच्या सर्वसाधारण सर्व्हरसाठी घडलेली. महापे-रबाळेच्या डेटा सेंटरांतून आलेला व्यवस्थापक यातले एखादे डोळे मिटून चालवत असेल, तर त्याच्या हातातले काढून घेऊ नका. त्याला येते ते साधन, तुम्हाला आवडते त्या साधनापेक्षा बरे.

८. आमचा रॉक्स क्लस्टर २०१८ पासून बिनतक्रार चालू आहे. बदलायलाच हवा का?

हो. सॅन दिएगोच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरचा रॉक्स एकेकाळी आपल्या महाविद्यालयांचा लाडका होता, सीडी घाला आणि क्लस्टर तयार. शेवटची ७.० आवृत्ती डिसेंबर २०१७ ची, सेंटओएस ७ वर उभी. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत, आणि नवी यंत्रे जोडायला गेलात तर त्यांचे नेटवर्क कार्ड जुन्या कर्नलला ओळखता येत नाही. चालू हेड नोडला हात लावू नका. दुसरे एखादे यंत्र नवा हेड नोड म्हणून उभे करा, त्याला दोन नोड द्या, महिनाभर चालवा, मग उरलेले एकेक सरकवा.

९. एक्सकॅट बंद पडला असे ऐकले. खरे का?

अर्धे खरे. २०२३ मध्ये मूळ चमूने देखभाल थांबवत असल्याचे जाहीर केले. नंतर काही वापरकर्ते आणि कंपन्या एकत्र येऊन पुढे आल्या आणि २०२४ मध्ये २.१७ आवृत्ती निघाली. चालू असेल तर घाबरून काढू नका. नव्याने निवडत असाल तर मी निवडणार नाही.

१०. फुकटचे घ्यावे की पैसे मोजावेत?

मुक्त सॉफ्टवेअर फुकट नसते, त्याचे पैसे माणसाच्या वेळात जातात. ज्याला लिनक्स आतून कळते आणि जो आठवड्यातून निदान एक दिवस क्लस्टरला देऊ शकतो, असा माणूस असेल तर मुक्तच घ्या. नसेल, तर परवाना घ्या किंवा मुक्त सॉफ्टवेअरवर आधार करार करा. एक गोष्ट आधी विचारा: परवान्याचे नूतनीकरण चुकले तर चालू नोड बूट होतील का? उत्तर लेखी मागा. सरकारी अनुदानात पहिल्या वर्षीची खरेदी बसते, चौथ्या वर्षीचे नूतनीकरण कुठल्या शीर्षाखाली टाकायचे हे तेव्हा लेखा विभागालाही माहीत नसते.

११. निविदेत काय लिहायचे? पुरवठादार म्हणतो, 'सॉफ्टवेअरचे आम्ही बघतो.'

घोडे नेमके इथे पेंड खाते. 'क्लस्टर व्यवस्थापन सॉफ्टवेअर सह' एवढे लिहिले, की सगळ्यांत स्वस्त बोलीवाला कुणालातरी दोन दिवस पाठवतो, तो सगळे हाताने बसवतो आणि निघून जातो. वर्षभराने एका नोडची डिस्क जाते, तेव्हा कळते की तो नोड पुन्हा कसा बनवायचा हे कुणालाच माहीत नाही.

सॉफ्टवेअरचे नाव लिहिण्यापेक्षा चाचणी लिहा. मी लिहून घेतो ती अशी: स्वीकृतीच्या दिवशी आम्ही कुठलाही एक नोड निवडू, त्याची डिस्क पुसू, आणि आमचाच कर्मचारी, पुरवठादाराने दिलेला कागद वाचून, तो नोड तासाभरात स्लर्ममध्ये परत आणेल. पुरवठादाराचा माणूस खोलीत असेल, पण कीबोर्डला हात लावणार नाही. दुसरे, इमेज बांधण्याची कृती, सगळे पासवर्ड आणि स्विचचे कॉन्फिगरेशन ताब्यात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. तिसरे, रॅकची वीज मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करणे आणि हात न लावता क्लस्टर उठणे (प्रश्न १६).

या तीन ओळींमुळे बोली थोडी महाग येते. खरेदी समितीला ते पटवणे हे तुमचे काम, त्यात मी मदत करू शकत नाही.

१२. हेड नोड किती तगडा लागतो? १ जीबीपीएसचे स्विच पुरेल का?

हेड नोड दिसायला साधा चालतो: १६ कोअर, ६४ जीबी रॅम, आरशासारख्या जोडलेल्या दोन एसएसडी, किमान दोन नेटवर्क पोर्ट. पैसे वाचवायचे तर प्रोसेसरमध्ये वाचवा, डिस्कच्या जोडीत नको.

स्विचचा हिशेब करून पाहा. दाबलेली इमेज ८०० एमबी, नोड ४०, म्हणजे ३२ जीबी. १ जीबीपीएसवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, म्हणजे सगळे एकदम उठवले तर पाच मिनिटे. ही काही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही. हेड नोडपासून स्विचपर्यंतची एकच तार १० जीबीपीएसची केली तर कागदावर अर्ध्या मिनिटावर येते. बाकीचे पोर्ट १ जीबीपीएस राहू द्या.

१३. क्लस्टर महाविद्यालयाच्या नेटवर्कलाच जोडला तर वेगळा स्विच वाचेल ना?

नका. हे मी करून बसलो आहे. एका संस्थेत हेड नोडचे दोन पोर्ट केबल लावताना अदलाबदल झाले आणि माझा डीएचसीपी सर्व्हर सगळ्या मजल्यांना आयपी वाटू लागला. पंधरा मिनिटांत कार्यालय, ग्रंथालय, परीक्षा विभाग सगळ्यांचे इंटरनेट गेले, आणि नेमका तो फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस होता. तेव्हापासून आतला स्विच वेगळा, आतली केबल वेगळ्या रंगाची, आणि डीएचसीपीच्या कॉन्फिगरेशनमध्ये पोर्टचे नाव स्पष्ट लिहिलेले.

१४. नोड पहिल्यांदा पीएक्सईवर (नेटवर्कवरून बूट होताना) टाइमआउट होतो, रीबूट केला की कधीकधी चालतो. कार्ड खराब आहे का?

बहुधा नाही. स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री (केबलींचे वेटोळे टाळणारी पद्धत) चालू असतो. जुन्या पद्धतीत पोर्ट जागा झाल्यावर १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग डेटा सोडतो. तेवढ्या वेळात नेटवर्क कार्डने डीएचसीपीचा नाद सोडलेला असतो. नोडच्या पोर्टांना एज पोर्ट करा. काही कंपन्या त्यालाच पोर्टफास्ट म्हणतात. मदरबोर्ड बदलून मागण्याआधी हे बघा. मी दोन मदरबोर्ड उगाच बदलून घेतले आहेत.

१५. इमेजमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातला, तरी नोडवर जीपीयू दिसत नाही.

इमेज तुम्ही हेड नोडवर बांधता. तेव्हा डीकेएमएस (कर्नलनुसार ड्रायव्हर बांधणारे साधन) विचारतो, 'चालू कर्नल कोणता?' आणि उत्तर हेड नोडच्या कर्नलचे मिळते. इमेजमधला कर्नल वेगळा असेल, तर मॉड्यूल भलत्याच कर्नलसाठी बांधले जाते आणि चूकही दिसत नाही. उपाय: बांधताना कर्नलची आवृत्ती स्पष्ट द्या, त्याच आवृत्तीची हेडर पॅकेजे इमेजमध्ये ठेवा, आणि कर्नल आपोआप अपडेट होणार नाही असे कुलूप लावा. इन्फिनिबँडच्या (नोड जोडणारे वेगवान नेटवर्क) ड्रायव्हरलाही हाच नियम.

१६. लाइट जाऊन आली की अर्धे नोड येत नाहीत. सॉफ्टवेअर बदलू का?

सॉफ्टवेअर बिचारे निर्दोष असते. आपल्याकडे महावितरणची लाइट पावसात जाते, यूपीएस दहा मिनिटे ओढतो, आणि परत आल्यावर सगळी यंत्रे एकाच क्षणी उठतात. नोडना डीएचसीपी हवा, पण हेड नोड अजून स्वतःची फाइलसिस्टिम तपासतो आहे. नोड दोन-तीनदा विचारतात आणि थांबून राहतात.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचे याची सेटिंग असते. हेड नोड, स्टोरेज आणि स्विच 'चालू हो' वर ठेवा, संगणनाचे नोड 'बंद राहा' वर. मग हेड नोडवर एक छोटी स्क्रिप्ट: एनएफएस आणि डीएचसीपी नीट आले का पाहा, मग बीएमसीमार्फत पाच-पाच नोड, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने उठवा. यात विजेचा झटकाही वाचतो. एका नोडला ८०० वॅट धरले तरी ४० नोड म्हणजे ३२ किलोवॅट, ते एकदम पडले की एमसीबी उडतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. एसी चालू झाला का हेही त्याच स्क्रिप्टने तपासले तर उत्तम. लाइट आली आणि एसी मात्र कुणी हाताने लावायचा, ही आपल्याकडची नेहमीची गत.

आणखी एक. नोड उठले तरी स्लर्म त्यांना 'अचानक रीबूट झाला' म्हणून बाजूला ठेवतो. ते त्याच्या रिटर्न-टू-सर्व्हिस या सेटिंगवर आहे. मी ते मुद्दाम सैल करत नाही. कोण का पडला ते बघूनच आत घेतो.

१७. बीएमसीचे पोर्ट जोडणे गरजेचे आहे का? रॅक तर शेजारच्याच खोलीत आहे.

आज शेजारी आहे. रात्री अकराला तुम्ही डोंबिवलीत असाल. जोडा, पण वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचमधले वेगळे आभासी नेटवर्क), बाहेरून दिसणार नाही असे. बीएमसीशी बोलायच्या आयपीएमआय २.० च्या रचनेतच एक भोक आहे: लॉगिन न करताही कुणी पासवर्डचा हॅश (गुंतवलेले रूप) मागून घेऊन घरी निवांत फोडू शकतो. म्हणून कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि जमेल तिथे त्याचा नवा पर्याय रेडफिश वापरा.

१८. सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या फाइलींनीच बूट होणे) चालू ठेवून नेटवर्कवरून बूट होईल का?

होईल, पण आयपीएक्सईने सहसा नाही, कारण तुम्ही स्वतः बांधलेल्या फाइलवर सही नसते. वितरणाने सही केलेले शिम आणि ग्रब वापरायचा मार्ग धरा. वेअरवुल्फच्या नव्या आवृत्त्यांत तो आहे. मात्र प्रश्न १५ मधल्या, स्वतः बांधलेल्या ड्रायव्हरलाही मग सही लागते. आतल्या नेटवर्कवरच्या संगणनाच्या नोडना तुमच्या सुरक्षा धोरणाने सूट दिली, तर घ्या.

१९. डिस्कलेस नोडवर कंटेनर चालत नाहीत, एसई-लिनक्सही (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) लागत नाही.

दोन्हींचे मूळ एकच. इमेज थेट इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीची रॅममधली फाइलसिस्टिम) राहिली तर तिथे पिव्हट-रूट ही मूळ फाइलसिस्टिम बदलायची क्रिया चालत नाही, आणि बऱ्याच कंटेनर साधनांना ती लागते. शिवाय ज्या सीपीआयओ गठ्ठ्यातून इमेज येते त्यात फाइलींचे जादा गुणधर्म टिकत नाहीत, त्यामुळे एसई-लिनक्सची लेबले गळतात. दोन टप्प्यांचे बूट वापरा: आधी ड्राकटने बनवलेली छोटी सुरुवातीची इमेज, मग टीएमपीएफएसवर (रॅममधली साधी फाइलसिस्टिम) उलगडलेली पूर्ण इमेज. पहिली अडचण लगेच सुटते, दुसरीला वर लेबलांची सोय करावी लागते.

२०. नोड पिंग होतो, एसएसएच होतो, पण स्लर्म ओळख नाकारतो.

मंज, म्हणजे स्लर्मसाठी ओळख पटवणारी सेवा, तपासा. चावी सगळीकडे एकच हवी, मंज वापरकर्त्याचा क्रमांक हेड नोडवर आणि इमेजमध्ये सारखा हवा, आणि घड्याळे जुळलेली हवीत. मंजचे ओळखपत्र मुळात ३०० सेकंदच टिकते. मदरबोर्डवरची घड्याळाची जुनी बॅटरी मेलेला नोड २०१५ सालात उठतो आणि मग कुणावर विश्वास ठेवत नाही. घड्याळे जुळवणारे क्रोनी इमेजमध्येच घाला.

२१. इन्फिनिबँड आहे, मग इथरनेट कशाला?

बूट, बीएमसी आणि देखरेखीसाठी. इन्फिनिबँडवरून बूट करता येते, पण लहान क्लस्टरमध्ये ती हौस महागात पडते. स्विच अनमॅनेज्ड असेल तर हेड नोडवर इन्फिनिबँडचे नेटवर्क जुळवणारा ओपनएसएम चालवावा लागतो, नाहीतर दिवे लागतात पण पोर्ट कधीच सक्रिय होत नाही. हा फोन मला वर्षातून दोनदा तरी येतो.

२२. इमेज बदलली, पण नोड जुनेच दाखवतो.

इमेजच्या फोल्डरमध्ये बदल केला आणि ती पुन्हा बांधली नाही, हे पहिले कारण. रीबूट केला नाही, हे दुसरे. कामे चालू असताना रीबूट कसा, तर स्लर्मलाच सांगा की हातातले काम संपले की नोड रीबूट कर आणि परत घे. त्याला ती आज्ञा येते. रात्रभरात क्लस्टर एकेक करून नव्या इमेजवर येतो. जुनी इमेज पुसू नका, तारखेच्या नावाने ठेवा. बिनसले तर परत जायला लागते.

२३. हेड नोडच मेला तर?

डिस्कलेस नोड उठलेले असतील तर श्वास घेत राहतात, पण होम डिरेक्टरी त्याच हेड नोडवरून एनएफएसने येत असेल तर सगळी कामे अडकून पडतात. म्हणून जमल्यास स्टोरेज वेगळे. बॅकअप घ्यायचा तो नोडची यादी, ओव्हरले, इमेजची कृती, स्लर्मचे कॉन्फिगरेशन आणि मंजची चावी यांचा. हे सगळे मिळून एका पेन ड्राइव्हवर मावते. तो त्याच रॅकवर ठेवू नका. जोडीचा दुसरा हेड नोड आणि आपोआप बदली, याचा विचार पन्नास नोडच्या पुढे करा. त्याआधी ती यंत्रणाच जास्त वेळा पडते.

२४. मदरबोर्ड बदलून आला आणि नोड अनोळखी झाला.

मॅक पत्ता बदलला. नव्या बोर्डवरचा स्टिकर वाचून नोडच्या यादीत दुरुस्त करा, डीएचसीपी पुन्हा लिहून घ्या. एक्सकॅट वापरत असाल तर स्विचच्या कुठल्या पोर्टवर कोण यावरूनही नोड ओळखायची सोय आहे, मग फक्त केबल मूळ पोर्टमध्ये हवी. बायोसच्या सेटिंगही कारखान्यातल्या होऊन आलेल्या असतात: बूटचा क्रम, हायपरथ्रेडिंग, वीज परत आल्यावरची कृती, बीएमसीचा पासवर्ड. चालू नोडच्या बायोसचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पुरवठादाराचा माणूस बदललेला बोर्ड लावून, 'पॉवर ऑन झाला, सही करा' म्हणतो. सही स्लर्ममध्ये नोड दिसल्यावर करा.